‘वी’ म्हणजे वाईच

ग्लासगोतल्या वॉर्डावरच्या माझ्या पहिल्याच आठवड्यात मी एका म्हाताऱ्या गृहस्थांपुढे कमोड नेऊन उभा केला होता. त्यांनी तो मागितलाच नव्हता.

खुब्याचं ऑपरेशन होऊन त्यांचा दुसराच दिवस होता. मी त्यांना पलंगावरून उठवलं, हातात वॉकर दिला, सात-आठ पावलं चालवलं. मग ते थांबले, मनगटाने कपाळ पुसलं आणि म्हणाले, "हेन, कॅन आय गेट अ वी सीट?" त्याआधीचे सहा महिने मी इंग्लंडात लेस्टरला काढले होते. तिथे वॉर्डात ‘वी’ हा शब्द एकाच कामासाठी, लघवीसाठी. त्यामुळे कानात ‘वी’ शिरलं, ‘सीट’ शिरलं आणि मी धावत जाऊन चाकाचा कमोड ढकलत आणला. त्यांनी कमोडकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि असे हसले की मला टाक्यांची काळजी वाटायला लागली. त्यांना फक्त खुर्ची हवी होती. "जरा टेकतो," एवढंच ते म्हणाले होते. शेजारच्या पलंगावरच्या माणसाने जेवणाच्या ट्रॉल्या यायच्या आत ही गोष्ट सगळ्या वॉर्डात पोचवली.

(‘हेन’ म्हणजे कोंबडी. ग्लासगोत बाईमाणसाला मायेने कोंबडी म्हणतात. त्यावर परत कधीतरी.)

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझं गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. गेली नऊ वर्षं ग्लासगोत म्हाताऱ्या माणसांना चालायला लावून पोट भरते. या नऊ वर्षांत मी दिवसातून सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला शब्द ‘वी’ असेल, आणि आता तर सगळ्यात जास्त वेळा वापरलेलाही तोच असेल.

‘वी’ म्हणजे लहान, असं कुठल्याही कोशात मिळेल. ते खरं आहे आणि निरुपयोगी आहे. इथे कुणी ‘वी कप ऑफ टी’ विचारलं तर मगभर चहा येतो, काठोकाठ. ‘वी ब्लेदर’ म्हणजे थोड्या गप्पा. माझी शेजारीण ‘वी ब्लेदर’ला आली की कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून जातात. इंजेक्शनला इंग्लंडात ‘जॅब’ म्हणतात, इथे ‘जॅग’. आणि सुई केवढीही असो, नर्स ‘जस्ट अ वी जॅग’च म्हणणार. पबमध्ये व्हिस्की कायद्याने मोजून मिळते, २५ किंवा ३५ मिलिलिटरचं माप ठरलेलं. घरी मात्र ‘वी ड्रॅम’ ओततात तेव्हा बाटली कधी सरळ होईल ते ओतणाऱ्याच्या मनावर. एका चांगल्या जड, डोक्यात जाणाऱ्या बिअरच्या प्रकाराला तर ‘वी हेवी’ असं नावच आहे.

आणि माझा स्वतःचा ‘वी वॉक’. "आपण वी वॉकला जाऊया का?" असं मी ज्यांना विचारते त्यांच्यासाठी पलंग ते दार हे अंतर म्हणजे जरंडेश्वराचा चढ असतो. हे मला माहीत असतं, त्यांनाही माहीत असतं. "आता मी तुम्हाला दहा मिनिटं भयंकर त्रास देणार आहे" हे माणसाला तोंडावर कसं सांगायचं? मग ‘वी’.

हे आपल्याला परकं नाही. "दोन घास खाऊन जा" म्हटलं म्हणून कुणी दोन घास मोजून वाढलेत का? घोटभर चहा कधी घोटभर असतो का? "पाच मिनिटं बोलायचं होतं" असं म्हणून आलेला माणूस तासाभराने उठतो. मागणाऱ्याने आपलं मागणं लहान करून सांगायचं आणि देणाऱ्याने आपलं देणं. मग दोघांनाही ओझं होत नाही.

ओझं हा शब्द ओघात आला, पण तो इथे नेमका बसतो. ‘वी’ मुळात वजनच आहे. जुन्या इंग्रजीत वजनाला जो शब्द होता त्याच्या उत्तरेकडच्या रूपातून तो आला. आधी ‘अ लिट्ल वी’ म्हणायचे, म्हणजे थोडंसं वजन, थोडासा अंश. मग बोलता बोलता ‘वी’लाच लहानपण चिकटलं आणि वजन विसरलं गेलं. हे वाचलं तेव्हा मला आमच्या गावच्या सोनाराचा तराजू आठवला. रतिभर, गुंजभर ही आपली वजनंच. एखाद्याची प्रकृती तोळामासा असते. "रतिभर अक्कल नाही" म्हणणाऱ्याला रती म्हणजे लाल गुंज आणि ती पूर्वी पारड्यात टाकत, हे कुठे आठवतं? ‘जरा’चंही तेच. तो अरबी ‘ज़र्रा’पासून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला; ज़र्रा म्हणजे कण, उन्हाच्या तिरिपेत दिसतो तसला. (संस्कृतातली जरा निराळी, ती म्हातारपणाची. माझ्या पेशंटांना दोन्ही लागू.)

एका वेगळ्याच ‘वी’ची गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. १८४३ साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली. धर्मगुरू कोणी नेमायचा, जमीनदाराने की मंडळींनी, हा वाद. साडेचारशेहून अधिक धर्मगुरू घरदार, पगार सोडून बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च काढलं. पुढे १९०० मध्ये या फ्री चर्चचा बहुतेक भाग दुसऱ्या एका चर्चमध्ये मिसळला, पण मूठभर लोक, मुख्यतः वर डोंगराळ मुलखातले आणि बेटांवरचे, अडून बसले. त्यांना लोक ‘वी फ्री’ म्हणायला लागले. चिडवण्यासाठीच. आणि १९०४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की फ्री चर्चची सगळी मालमत्ता या मूठभरांचीच! शेवटी पार्लमेंटला कायदा करून वाटण्या कराव्या लागल्या. भावकीचा दावा म्हणतात तो हाच. आमच्या तालुक्यात अशा दाव्यांवर वकिलांच्या दोन-दोन पिढ्या जगल्यात.

यात आपला धागा असा, की मुंबईत १८३२ मध्ये शाळा काढणारे जॉन विल्सन, ज्यांच्या नावाचं कॉलेज गिरगाव चौपाटीसमोर उभं आहे, ते १८४३ च्या फुटीत फ्री चर्चच्या बाजूने गेले होते. ‘वी’ ही पदवी चिकटण्याच्या कितीतरी आधी ते वारले, नाहीतर चौपाटीवरून जाताना मला हसू आवरलं नसतं.

‘वी’ नेहमीच मायेचा असतो असं मात्र नाही. सहा फुटी मित्राला ‘वी मॅन’ म्हणतात ते प्रेमाने. माझे एक चुलते चौसष्टाव्या वर्षीही गावात ‘बारक्या’च आहेत, तसं. पण शनिवारी रात्री पबबाहेर कुणी दबक्या आवाजात "लिसन, वी मॅन" म्हणालं तर तिथून निघावं. आपल्याकडे "ए बाळा, नीट बोल" म्हटल्यावर बाळाने जे करावं ते करावं. आणि एकदा आमच्यातला एक तरुण डॉक्टर राउंडला पलंगाशी उभा राहून म्हणाला, "तर ही वी लेडी पडली होती." पलंगावरच्या बाई गणिताच्या निवृत्त शिक्षिका. त्यांनी चष्मा खाली ओढला आणि विचारलं, "माझी उंची पाच फूट आठ इंच आहे. तुला लहान काय दिसलं?" डॉक्टर लाल झाला. मी फाइलमध्ये तोंड घातलं. मराठीत आपण एखाद्या बाईला ‘ते बिचारं’ म्हणून नपुंसकलिंगात टाकतो, तेव्हा कीवही असते आणि तिला मोठ्या माणसांतून काढून पोरांत बसवणंही असतं. ‘वी लेडी’ हे तसंच.

कामात या शब्दाने मला खरं शहाणपण दिलं ते दुखण्याच्या बाबतीत. आम्ही पेशंटला विचारतो, शून्य ते दहामध्ये दुखणं किती? शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे असह्य. ग्लासगोची म्हातारी पिढी आकडा देतच नाही. "अ वी बिट सोअर, हेन." जरासं दुखतंय. सुरुवातीला मी फॉर्मवर दोन लिहायची. मग एक दिवस अशाच ‘वी बिट’वाल्या आजी जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर कठडा धरून पांढऱ्याफटक झाल्या. या शहरातली जुनी घरं म्हणजे वालुकाश्माच्या तीन-चार मजली चाळीच. लिफ्ट नाही, सगळ्यांचा मिळून एक दगडी जिना, त्याला ‘क्लोज’ म्हणतात. त्यामुळे घरी सोडायच्या आधी जिन्याची परीक्षा घ्यावीच लागते. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. आम्ही पेशंटला तो मंत्र देतो: चांगले स्वर्गात, वाईट नरकात. त्या आजी पांढऱ्या पडूनही पुटपुटत होत्या, "जस्ट अ वी मिनिट." मी त्यांना खाली बसवलं, वेदनाशामक कधी घेतलं ते बघितलं, तर सकाळपासून गोळी घेतलीच नव्हती. नर्सने विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, थोडंसंच आहे, कशाला तुम्हाला त्रास.

तेव्हापासून ‘वी’ ऐकला की मी आकडा विचारत नाही. रात्री झोप लागली का, कुशीवर वळता आलं का, चहाचा कप उचलताना दात आवळले का, हे विचारते. ‘वी टर्न’ आली होती असं कुणी म्हणालं तर हातातलं सगळं टाकते, कारण ती चक्कर असू शकते आणि अर्धांगवायूचा झटकाही असू शकतो.

आता शीर्षकातल्या शब्दाकडे येते.

आमच्या घरात ‘जरा’ नव्हतं. ‘वाईच’ होतं. "वाईच सर की तिकडं." "वाईच चा घ्या, मग जावा." "आमटीत वाईच मीठ कमी पडलंय." आजी तर "वाईच वाईच" असं दोनदा म्हणायची, अंगठा आणि पहिलं बोट जवळ आणून. पाचवीत मला साताऱ्याला मावशीकडे शिकायला ठेवलं. पहिल्याच महिन्यात वर्गात फळ्यावरचं पुसायच्या आत मी म्हणाले, "बाई, वाईच थांबा." बाई थांबल्या. मग हसून म्हणाल्या, "वाईच? का गं, कराडच का नाही? तू वाई तालुक्यातली का?" वर्ग खो खो हसला. बाई दुष्ट नव्हत्या, विनोदही वाईट नव्हता. आज मीही तो सांगून हसवते. पण त्या दिवसानंतर तो शब्द माझ्या तोंडून शहरात परत गेला नाही. सुट्टीला गावी गेले की एस. टी. कोरेगावच्या पुढे निघाल्यावर तो आपोआप परत यायचा आणि येताना स्टँडवर उतरायचा.

माझ्या जिन्याच्या परीक्षेला आलेले एक ऐंशी पार केलेले गृहस्थ, आयुष्यभर गोदीत वेल्डिंग केलेले, मला सांगत होते की शाळेत गुरुजींना ‘येस सर’ऐवजी ‘आय’, म्हणजे घरच्या बोलीतलं ‘हो’, म्हटलं म्हणून त्यांनी हातावर पट्टा खाल्ला होता. हा पट्टा म्हणजे जाड चामड्याचा, टोकाला चिरलेला. फाइफमधल्या लोहगेली गावात तो बनायचा, म्हणून त्याला ‘लोहगेली’च म्हणत. सरकारी शाळांतून तो १९८७ मध्ये गेला. त्यांनी पंजा उघडून मला जागा दाखवली, जणू वळ अजून आहे. मी म्हटलं, "आणि ‘वी’ म्हटल्याबद्दल?" ते विचारात पडले. "नाही. ‘वी’ तर गुरुजीही म्हणायचे."

ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. २०११ च्या जनगणनेत सुमारे १५ लाख लोकांनी आपल्याला स्कॉट्स, म्हणजे इथली इंग्रजीच्या नात्यातली जुनी बोली, बोलता येतं असं सांगितलं, पण त्यातले बहुतेक शब्द ऑफिसच्या दारात चपलांसारखे काढून ठेवायचे असतात. ‘वी’ तेवढा आत जातो. टाय लावलेला सर्जन एक्स-रे समोर धरून म्हणतो, "इथे एक वी सावली दिसतेय." बँकेतली बाई म्हणते, "इथे एक वी सही करा." आमच्या वॉर्डावर उत्तर आयर्लंडची एक नर्स आहे. सतराव्या शतकात स्कॉटलंडचे लोक तिकडे वसवले गेले, त्यांच्याबरोबर हा शब्दही गेला. ती तर तो प्रत्येक नामाला लावते: वी पेन, वी फॉर्म, वी कुलूप. क्लॅकमननशर नावाच्या जिल्ह्याला, जो आपल्या बहुतेक तालुक्यांपेक्षा लहान आहे, ‘वी काउंटी’ म्हणतात आणि ते नाव तिथले लोक अभिमानाने मिरवतात. या शब्दाला लाज कशी शिवली नाही?

माझा अंदाज असा की याचना करताना, माफी मागताना, वाईट बातमी देताना जो शब्द लागतो तो सर्जनलाही टाकवत नाही. त्याला तिथे ‘स्मॉल’ म्हणून चालत नाही. ‘स्मॉल’ने सावली मापली जाते, ‘वी’ने खाली बसलेल्या माणसाच्या खांद्यावर हात पडतो. पण मग हेच सगळं ‘वाईच’ही करतो की. "वाईच सही करा" असं साताऱ्याच्या बँकेत मॅनेजर म्हणाला तर काय बिघडेल? रांगेतल्या म्हातारीला तर तेच कळेल, तिच्या घरातला शब्द आहे. तरी तो म्हणत नाही. मीही म्हणाले नसते. मालवणीत ‘वायच’ आहे, तिकडची माणसं मुंबईतही तो बिनदिक्कत बोलतात, त्यांचा मला हेवा वाटतो.

(कुणीतरी नक्की लिहील की ‘वी’ हा ‘वाईच’वरूनच तिकडे गेला. नाही. दोघांचा काही संबंध नाही. अशा सोयरिकी जुळवायला व्हॉट्सॲप आहे.)

तीन वर्षांपूर्वी आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर शेवटी म्हणाली, "काय न्हाई गं, वाईच पाय घसरला धुण्याच्या दगडापाशी. हळद लावलीया." माझा हात थांबला. इतकी वर्षं मी परक्या म्हाताऱ्यांचं ‘वी’ सोलून आतलं दुखणं बाहेर काढत होते, आणि आपल्या आईचं ‘वाईच’ मी जन्मभर जसंच्या तसं गिळलं होतं. म्हटलं, व्हिडिओ लाव. म्हणाली, कशाला. म्हटलं, लाव. हात दाखव. तिने डावा दाखवला. म्हटलं, दुसरा. उजवं मनगट जेवणाच्या काट्यासारखं पाठीमागून उचललेलं, आमच्या पुस्तकात चित्र असतं हुबेहूब तसं. हाड मोडून दोन दिवस झाले होते. दोन दिवस तिने डाव्या हाताने भाकरी थापल्या होत्या, त्या कशा झाल्या विचारल्यावर म्हणाली, "वाईच वाकड्या." सहा आठवडे प्लास्टर होतं. पुढचे व्यायाम मी फोनवरून करून घेतले, आणि पेशंट म्हणून ती माझ्या सगळ्या ग्लासगोकरांपेक्षा अवघड निघाली.

हात बरा झाल्यावर ती तीन महिने इकडे राहून गेली. मी तिला शिकवलेलं एकमेव इंग्रजी म्हणजे ‘वी’ म्हणजे वाईच. तिला ते फारच आवडलं. शेजारणीकडे दारात उभी राहून "वी चा?" म्हणायची आणि शेजारीण यायची. दोघी तास-तास बसत. एक ग्लासगोचं बोलायची, दुसरी कोरेगावचं. काय बोलता विचारलं तर आई म्हणायची, "गुडघ्याचं."

मग एकदा आम्ही दुकानात गेलो. सामान घेतलं, गल्ल्यावरच्या मुलीने आईकडे बघून विचारलं, "डू यू नीड अ वी बॅग, हेन?" इथे पिशवीला पैसे पडतात, २०१४ पासून पाच पेन्स होते, २०२१ पासून किमान दहा. हे आईला मीच आदल्या दिवशी सांगितलं होतं. ती माझ्याकडे वळली.

"धा पेन्स घेती आन् वर वाईच पिशवी देती? थोरली दे म्हणावं तिला."

मी हसत राहिले, मुलगी बघत राहिली, मागची रांग थांबली. मग मुलीने गल्ल्याखालून पिशवी काढून झटकली. ही एवढी. आईने ती हातात धरून वर-खाली बघितली, शिवण ओढून पाहिली आणि मान डोलावली.

ती पिशवी आता गावी आहे. आई तिच्यातून गिरणीतून दळण आणते. आठ किलो बसतं म्हणते.